सातवा बिल्ला

ज्योतीराम फिटर स्वस्थ बसलेला पिंपरीच्या त्या कारखान्यात कोणी पाहिला नव्हता. काम पकडायच्या वाइसपाशी उभा असला तरी त्याचा एक पाय दुसऱ्या पायाची टाच खाजवत असे. जेवताना तो भाकरीचा तुकडा मोडून आधी त्याच्या कडा सारख्या करी, आणि बोलणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी मान हलवून मोकळा होई. सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीतून तो लढाईच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला आला. पुढे पुणे-मुंबई रस्त्यालगत कारखाने उभे राहू लागले तेव्हा त्यांतल्याच एका यंत्रांच्या कारखान्यात लागला आणि पवनेपलीकडे काळेवाडीत त्याने बिऱ्हाड केले. फोरमन हिंदुराव सहसा कोणाची स्तुती करत नसत, पण तेही म्हणत, "ह्याच्या बोटांना डोळे आहेत."

त्याच बोटांना चौदा वर्षे अफूची गोळी वळायची सवय होती.

डेपोत दुहेरी पाळ्या चालत त्या दिवसांत त्याला अमांशाने गाठले होते. एका लष्करी ड्रायव्हरने वाटाण्याएवढी काळी गोळी हातावर ठेवली आणि म्हणाला, "टाक तोंडात, पोट जाग्यावर बसेल." पोट जाग्यावर बसले, पण ते ज्योतीरामच्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले. आधी ध्यानात आले ते निराळेच. शेडमधल्या दिव्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचे पाय कुठे जायचे म्हणत नव्हते.

ते पाय त्यानंतर पुन्हा जायचे म्हणू लागले आणि गोळी रोजची झाली. पुढे सरकारी परवाना आला. परवान्यावर मिळणारी अफू सरकारने वर्षावर्षाला कमी करत आणली, आणि १९५८ च्या दिवाळीपर्यंत शेवट समोर दिसू लागला. येत्या मार्चअखेर परवाने बंद होणार होते. त्यानंतर ज्याच्याजवळ अफूची डबी सापडेल तो गुन्हेगार ठरणार होता, आणि अशा माणसाला कोणता कारखाना ठेवून घेणार?

घरी त्याची बायको कौशल्याबाई हिने आपल्या परीने उपाय केले होते. तिने डबी ज्वारीच्या कणगीत लपवली, ती त्याला एका दिवसात सापडली. चुलीमागच्या कोनाड्यात लपवली, ती अर्ध्या दिवसात. शेवटी तिने ती गोधडीच्या शिवणीत घातली. ज्योतीरामने संध्याकाळी घरात पाऊल ठेवले, चारी बाजूंना नजर फिरवली, आणि सरळ गोधडीची ती कड हातात धरून हसला.

"हसताय काय?" कौशल्याबाई म्हणाली. "कोंबडीचं अंडं सापडावं तसं तोंड केलंय!"

"टाका दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा हाय," तो म्हणाला. "लगीच दिसतंय."

ती गोधडी ओढून घेत म्हणाली, "आता माज्या ध्यानात आलं. म्या लपिवते तितकं तुमाला चढतंय. शोधायला मिळतंय न्हवं? आता मी लपवणार न्हाई. समोर ठेवा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आन् चावी दुसऱ्याकडं द्या. ऐकलं तर ऐका, न्हाईतर मी लेकरांस्नी घेऊन म्हायेरला जाते."

ती हे रागाने बोलली असती तर त्याने कदाचित कानामागे टाकले असते. पण तिने बोलता बोलता गोधडीचा उसवलेला टाका त्याच रंगाचा दोरा शोधून पुन्हा घातला, आणि त्या शांतपणाची त्याला धास्ती वाटली.

कारखान्याच्या दवाखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून एक डॉक्टर येत. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बाकावर ज्योतीरामच्या शेजारी फाटकावरचा पहारेकरी आबाजी बसला होता. त्याच्याकडेही परवाना होता. गुडघा सुजला म्हणून त्याने सात-आठ वर्षांपूर्वी अफू धरली होती. डॉक्टरांनी दोघांना एकत्रच आत बोलावले आणि वहीचे कोरे पान उघडून जे प्रश्न विचारले त्यांनी दोघेही चक्रावले.

"लहानपणी विटीदांडू खेळताना पहिला डाव कोण घ्यायचं?"

"ज्याची पाळी असंल त्यो," आबाजी म्हणाला.

"मी," ज्योतीराम म्हणाला. "पाळी नसली तरी."

"घरात आंब्याची अढी घातली तर?"

"पिकल्याबिगर कोन खातंय, डाक्टरसाहेब?" आबाजीला प्रश्नच कळला नाही.

ज्योतीराम ओशाळला. "मी रोज दाबून बघायचो. पयला पाड लागल्याला मलाच घावला पायजे. आईनं त्या खोलीत जायची बंदी केली हुती."

"बरं. गोळी घेतली की काय होतं?"

"गुडघा गप बसतो," आबाजीने सांगितले. त्याला त्याहून जास्त काही सांगण्यासारखे नव्हते.

 ज्योतीरामला चौदा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "डबी उघडली की टक् वाजतं," तो सावकाश म्हणाला. "त्या आवाजातच निम्मं काम हुतं. गोळी तोंडात गेल्यावर खरं म्हंजे... आताशा फारसं काय हुत न्हाई. पर त्यो आवाज येस्तवर जीव थाऱ्यावर नसतो."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. खोलीत दोन तराजू होते. एक भिंतीला टांगलेला, गोदामातून आलेला आणि दुसरा काचेच्या पेटीतला, औषधे तोलायचा. डॉक्टरांनी पेटीचे दार उघडले आणि लांबूनच हलकी फुंकर घातली. काटा थरथरत एका बाजूला गेला. गोदामाच्या तराजूवर त्यांनी आपली जाड वही टाकली, त्याचा काटा जागचा हलला नाही.

"आबाजी, तुमचा काटा हा मोठा. गुडघ्याला शेक देऊ, गोळी महिन्याभरात सुटेल. चार-आठ दिवस झोप लागायची नाही, एवढंच. ज्योतीराम, तुमचा काटा ह्या पेटीतला. जरा काही मिळणार अशी चाहूल लागली की तो हलतो, आणि काही मिळायचं नसलं की बसू देत नाही. म्हणून तुम्हाला नुसतं कमी करून भागणार नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही, माझा अदमास सांगतो."

"म्हंजे मी बिघडल्याला म्हना की."

"हा तराजू बिघडलेला आहे असं कोण म्हणेल?" डॉक्टरांनी पेटीचे दार लावले. "पण ह्यावर ज्वारीचं पोतं ठेवलं तर तो कामातून जाईल."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पुण्याच्या इस्पितळात महिनाभर दाखल व्हायचे. रजेच्या अर्जावर कारण लिहावे लागेल आणि परत आल्यावर नोकरी राहील की नाही ते कंपनीच्या मर्जीवर. दुसरी, कारखान्यात राहूनच मार्चपर्यंत पायरीपायरीने उतरायचे. मात्र गोळ्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात हव्यात, आणि तो माणूस असा हवा की ज्याला दया येत नाही.

ज्योतीरामला असा एकच माणूस ठाऊक होता.

अन्वरभाई टूल स्टोअरच्या जाळीच्या खिडकीमागे बसत. मूळचे चिंचवडचे, वय पंचावन्नच्या आसपास, दाढी पांढरी आणि चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांच्या मागच्या फळ्यावर हत्यारे टांगलेली असत आणि प्रत्येक हत्याराखाली एक खिळा. कारखान्यातल्या दर कामगाराला पितळेचे सहा बिल्ले मिळत, त्यावर त्याचा नंबर ठोकलेला. हत्यार हवे तर बिल्ला द्यायचा, तो त्या हत्याराच्या खिळ्यावर जायचा. हत्यार परत आले की बिल्ला परत. एकदा हिंदुराव फोरमन स्वतः पाना मागायला आले आणि बिल्ला विसरले, तेव्हा अन्वरभाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला, पाना दिला नाही.

सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "ह्या खिडकीतून बिल्ल्याबिगर सुई बाहेर जात नाही. गोळीही बिल्ल्यावरच जाईल, मियाँ. फक्त हत्यार परत येतं, गोळी येत नाही. म्हणून गोळीचा बिल्ला खिळ्यावर राहील दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत."

ज्योतीरामने मनाशी हिशेब केला आणि त्याचा चेहरा उतरला. चार गोळ्यांना चार बिल्ले. मग हत्यारांना उरतात दोन.

"व्हय, दोनच," अन्वरभाई म्हणाले. "जितकी गोळी कमी तितकं हत्यार जास्त. चालतं का बोल, राव."

डॉक्टरांना ही योजना इतकी आवडली की ते खुर्चीतून उठले. त्यांनी पायऱ्या ठरवून दिल्या: नोव्हेंबरात चार, डिसेंबरात तीन, जानेवारीत दोन, आणि पुढे मार्चपर्यंत शून्य. रविवारच्या गोळ्या शनिवारी सुटताना त्याच बिल्ल्यांवर, ते बिल्ले सोमवारी सकाळी परत. "एक गोष्ट ध्यानात ठेवा," ते शेवटी म्हणाले. "गोळी मागितलीत, रडलात, शिव्या दिल्यात, सगळं चालेल. फसवलंत की त्याच दिवशी इस्पितळाची चिठ्ठी."

डबी खिडकीतून स्पष्ट दिसेल अशी, गुण्या आणि कंपास यांच्यामध्ये टांगली गेली.

नोव्हेंबर कसा गेला ते ज्योतीरामलाच ठाऊक. सकाळी पवनेचा उतार ओलांडताना गार पाण्याने अंगावर काटा येई तो दहा वाजले तरी जात नसे. डोळ्यांतून पाणी वाही, जांभयांनी जबडा दुखे, आणि पायांत मुंग्या नव्हेत, मुंग्यांची वारुळे असत. उभा राहिला की बसावेसे वाटे आणि बसला की उठावेसे. फाटकावर आबाजी तंबाखू मळत उभा असे. त्याने तीन आठवड्यांतच गोळी सोडली होती आणि त्याचे त्याला काही विशेष वाटत नव्हते.

"काय रं ज्योत्या, अजून नाचतोयस व्हय?" तो विचारी.

"तुला काय कळतंय? तुजा काटा गोदामाचा."

"आसंल बाबा. पर गोदामात झोप झकास लागती."

डिसेंबर उजाडला, गोळ्या तीनवर आल्या, आणि हिंदुरावांनी त्याला बिडाची एक सरफेस प्लेट दिली. दोन फूट लांब, दीड फूट रुंद असा तो जाड पाटा. त्याचा पृष्ठभाग इतका सपाट करायचा की पुढे कारखान्यातला प्रत्येक सुटा भाग त्यावर ठेवून तपासता यावा. हे काम यंत्राने होत नाही. नमुन्याच्या प्लेटवर निळा रंग अगदी पातळ लावायचा, तिच्यावर नवी प्लेट घासायची, जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटतो, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, आणि पुन्हा घासायचे. पहिल्या दिवशी चार-दोन मोठे डाग उमटतात. त्यांचे दहा होतात, दहाचे चाळीस. साऱ्या पाट्यावर दाट आणि सारखे ठिपके उमटले की काम झाले.

"नवी तपासणी खोली जानेवारीत सुरू होते आहे," हिंदुराव म्हणाले. "ही प्लेट येत्या शनिवारी मला पाहिजे. जमली तर तिच्याबरोबर तूही त्या खोलीत जाशील."

ज्योतीरामचे डोळे चमकले. प्लेट उलटून ठिपके पाहण्याचा तो क्षण त्याला भारी वाटे. दर वेळी काहीतरी मिळे, आणि दर वेळी थोडे जास्त. पण ह्या कामाला चार हत्यारे लागत: स्क्रेपर, त्याला धार लावायचा दगड, सरळपट्टी आणि बारीक उंचसखलपणा दाखवणारा डायल. तीन बिल्ले गोळ्यांचे, तीन उरले. दगड हवा की सरळपट्टी परत करायची, सरळपट्टी हवी की डायल. सोमवारी त्याने खिडकीच्या एकोणीस खेपा केल्या. दर खेपेला डबी समोर दिसे, दर खेपेला काटा हले, आणि परत येऊन स्क्रेपर धरला की हात आपल्या लयीत यायला वेळ लागे. तीन वाजता त्याने एका कोपऱ्यात नको तितके खोल खरवडले. तेवढे भरून काढायला सारी प्लेट खाली आणणे आले. दिवसभराचे काम वाया गेले.

सहा बिल्ल्यांत हे बसत नाही, तो स्वतःशी म्हणाला. गोळी जास्त कुठे मागतो मी? तीन म्हणजे तीन. फक्त बिल्ला एक कमी पडतो. सात असते तर खेपा वाचल्या असत्या, प्लेट वेळेत झाली असती, डॉक्टरांचे काय नुकसान होते?

हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याच क्षणी पाय थांबले. ते थांबले हे त्याच्या लक्षात आले नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुटीत त्याने भंगाराच्या पेटीतून पितळेचा एक तुकडा उचलला आणि शेडमागच्या लिंबाखाली जाऊन बसला. खिशात एक कानस होती, त्याची स्वतःची, डेपोच्या दिवसांपासूनची. त्याने आपला एक खरा बिल्ला नमुन्याला समोर ठेवला. कारखान्याचे बिल्ले कोणी घाईघाईत कापलेले होते. कड ओबडधोबड, टांगायचे भोक मध्यापासून सरकलेले, त्याच्या कडेला धातूचा कीस तसाच, आणि ४७ ह्या त्याच्या नंबरातला सात कलंडलेला. नक्कल करायची तर हे सगळे दोष तसेच उतरवायला हवे होते, आणि त्याने तसे ठरवलेही होते. पण कानस पितळेला लागली आणि सोन्यासारखी बारीक भुकटी मांडीवर पडू लागली तसा तो ठराव मागे पडला. गोल आला तो कंपासने काढल्यासारखा. भोंगा झाला तेव्हा तो दचकला.

बुधवारी त्याने कडेची धार कानसून मोडली आणि भोक पाडले, अगदी बरोबर मधोमध. डोळ्यांतून पाणी येत होते, पितळेची भुकटी गेली असेल म्हणून त्याने सदऱ्याच्या बाहीला पुसले. गुरुवारी आकडे ठोकायचे होते, त्यांचे पोलादी पंच त्याने शेजारच्या वाइसवरच्या गड्याकडून घटकाभर मागून आणले होते. चार सरळ बसला. सातासाठी पंच धरला, मुद्दाम वाकडा केला, हातोडी उचलली आणि हात तसाच अधांतरी राहिला. दोनदा, तीनदा. वाकडा सात ठोकायला त्याचा हात धजला नाही. शेवटी त्याने पंच सरळ केला आणि ठोकला. बिल्ला उन्हात धरून त्याने कितीतरी वेळ पाहिला.

शुक्रवारी त्याने सकाळी एक बिल्ला गोळीवर लावला, संध्याकाळच्या गोळीसाठी एक राखून ठेवला, आणि उरलेल्या चारांवर चारही हत्यारे एकदमच नेली. त्या सकाळी हात असा चालला की प्लेटवर ठिपक्यांची खसखस पसरली. दुपारच्या भोंग्याला तो खिडकीशी गेला आणि जाळीखालून सातवा बिल्ला सरकवला.

"दुपारची," तो म्हणाला.

अन्वरभाईंनी बिल्ला उचलला. बोटांत फिरवला, अंगठ्याने कड चाचपली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला. 

"माशाल्ला," अन्वरभाई हळूच म्हणाले. "काय चीज बनवलीस, बेट्या."

"काय बनवलं? माझाच बिल्ला हाय त्यो."

"तुझाच आहे, त्यात शक नाही. ह्या कारखान्यात असा दुसऱ्या कोणाच्या हातून होणार नाही." त्यांनी फळ्यावरचा एक खरा बिल्ला काढून शेजारी ठेवला. "ह्या ना त्या कारखान्यात वीस वर्षं मी बिल्ले हाताळतो. हे बघ, कंपनीचा बिल्ला हाताला ओरबाडतो. ह्यानं मला गुदगुल्या केल्या. चोरी करायची तर खराब तरी करायची होतीस!"

ज्योतीरामने जाळी धरली. "भाई, गोळी जादा नगं हुती. शप्पथ. सहा बिल्ल्यांत काम मावंना. उद्या शनिवार..."

"थांब." अन्वरभाईंचा आवाज एकदम कडक झाला. "मला आधी एक सांग. बाहेरून कुठून घेतोस?"

"काय घेतो?"

"अफू. तीन दिवस झाले, दुपारी तू खिडकीवर आलेला नाहीस. मंगळवार नाही, बुधवार नाही, गुरुवार नाही. मी म्हटलं, गडी दुसरीकडून मिळवतो आहे. आज डॉक्टर आले की सांगणारच होतो." त्यांनी खिळ्यावरची डबी काढली आणि जाळीपाशी आणून उघडली. टक् असा आवाज झाला. "मोज. ह्या तीन जादा आहेत."

ज्योतीरामने डबीत पाहिले. आवाज झाला तसा काटा हलला होता, तोंडात पाणीही आले होते. पण तो गोळ्यांकडे न पाहता आकड्याकडे पाहत राहिला. मंगळवारी दुपारी तो लिंबाखाली होता. बुधवारी लिंबाखाली होता. गुरुवारी हातोडी उचलून बसला होता. ज्या गोळीसाठी तो बिल्ला घडवत होता ती गोळी घ्यायचे त्याला तीन दिवस सुचलेच नव्हते.

"भाई, बाहेरून न्हाई घेतली," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "मी इसरलो."

"अफू कोणी विसरतं?"

"मला तरी काय ठाऊक!"

अन्वरभाईंनी डबीतल्या गोळ्या पुन्हा एकदा मोजल्या. मग डबी बंद करून खिळ्यावर टांगली आणि बिल्ला जाळीखालून परत सरकवला. "हा मी घेतला नाही. घेतला असता तर मला सांगावं लागलं असतं. आता तू सांग. डॉक्टर आत आले आहेत."

शेडपासून दवाखाना शंभर पावलांवर होता. तेवढ्यात ज्योतीरामच्या मनात तीन खोट्या गोष्टी तयार झाल्या, तिन्ही नीट घडवलेल्या, कडेची धार मोडलेल्या. पहिली सांगितली असती तर शनिवार हातचा जाणार नव्हता. तपासणी खोली, काळेवाडीतले बिऱ्हाड, कौशल्याबाईने शांतपणे घातलेला तो टाका, सगळे त्या एका चिठ्ठीवर होते. वाटेत तो दोनदा मागे वळला. दुसऱ्यांदा वळला तेव्हा खिडकीत अन्वरभाई उभे दिसले. ते त्याच्याकडे पाहत नव्हते, सरळपट्टीला तेल लावत होते.

डॉक्टरांच्या मेजावर त्याने बिल्ला ठेवला आणि उभ्यानेच सगळे सांगितले. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत, एका दमात, कारण थांबला असता तर पुढचे बोलणे झाले नसते.

डॉक्टरांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. 

"चिठ्ठी मी लिहायला हवी," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता. पण आधी सांगा, त्या तीन दुपारी काय काय झालं? जांभया?"

"डोळ्यांतनं पानी आलं. वाटलं पितळंची भुकटी."

"पाय?"

ज्योतीराम आठवू लागला. "पाय... मांडी घालून बसलो हुतो."

"तिन्ही दिवस?"

"व्हय."

डॉक्टरांनी बिल्ला उचलून काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवला, उगाचच, आणि काट्याकडे बघत राहिले. "फसवलंत का? फसवायला निघाला होतात. गोळी हाती पडण्याआधी स्वतः येऊन सांगितलंत. चिठ्ठी मी आज लिहीत नाही, पण सोडूनही देत नाही. दुपारची गोळी आजपासून बंद. जानेवारीची पायरी आजच."

"आजपास्नं?" ज्योतीराम ओरडलाच. "डाक्टर, मी इसरलो ते इसरलो! आता ठाऊक असताना कसं जमंल? मार्चला अजून..."

"ते मलाही ठाऊक नाही," डॉक्टर तराजूवरचा बिल्ला उचलून त्याच्या हातावर ठेवत म्हणाले. "पण तीन दिवस जमलं हे तुम्हीच मला येऊन सांगितलंत. आणि हिशेब बघा. दोन गोळ्या, चार हत्यारं. किती झाले?"

ज्योतीरामने बोटांवर मोजले. सहा झाले होते.

तो बाहेर पडला तेव्हा जेवणाच्या सुटीची वीस मिनिटे उरली होती, आणि ती वीस मिनिटे त्याच्या अंगावर धावून आली. आता दुपारची गोळी नाही हे ठाऊक होते, आणि ठाऊक असल्यामुळे प्रत्येक सांधा तिची आठवण करून देत होता. तो शेडभोवती एक फेरी मारून आला. नळाचे पाणी प्यायला. वाइसची मूठ उगाच फिरवली. डबा उघडला आणि भाकरीच्या कडा सारख्या न करताच बंद केला. शेवटी पाय त्याला न विचारता खिडकीशी घेऊन गेले.

"काय पाहिजे?" अन्वरभाईंनी विचारले. "डॉक्टरांचा माणूस सांगून गेला. दुपारची मिळणार नाही."

"ती नगं." त्याची नजर डबीवर गेली आणि तिथून त्याने ती ओढून आणली. "पितळ हाय का, एकांदा तुकडा?"

"कशाला?"

"हात रिकामं हायती, भाई."

अन्वरभाईंनी मेजाखालून एक खोका काढला. त्यात झिजलेले, वाकलेले, नंबर पुसट झालेले जुने बिल्ले होते, शंभर-दीडशे तरी. "कंपनी नवे देत नाही. हे सगळे नव्यानं करायचे आहेत. दुपारी एक कर. घाई नाही." त्यांनी पितळी पत्र्याचा एक तुकडा आणि आकड्यांचे पंच जाळीखालून सरकवले, आणि मग सवयीने हात पुढे केला. "पंचांचा बिल्ला?"

ज्योतीरामने खिसा चाचपला. चार बिल्ले हत्यारांखाली होते, एक सकाळच्या गोळीवर होता आणि एक संध्याकाळच्या गोळीचा. तो सोडून खिशाच्या तळाशी बोटांना आणखी एकच लागला, गुळगुळीत, गोल.

अन्वरभाईंनी तो घेतला, क्षणभर हातात तोलला, आणि पंचांच्या खिळ्यावर अडकवला. "पंचांसाठी चालेल," ते म्हणाले. "दुसऱ्या कशालाही नाही."

शनिवारी हिंदुरावांनी प्लेट पाहिली, बोटांनी ठिपके मोजले, पुन्हा रंग लावून स्वतः घासली, आणि काही न बोलता ती तपासणी खोलीकडे न्यायला सांगितली. ज्योतीरामला आनंद झाला आणि तो फाटकापर्यंतही पुरला नाही. आबाजीने विचारले, "काय रं, झालं का मनासारखं?" तेव्हा ज्योतीरामच्या तोंडात जांभई होती आणि डोक्यात सोमवारची दुपार.

सोमवारी दुपारी तो लिंबाखाली बसला. दिलेला जुना बिल्ला २१२ नंबराचा होता. कानस दोनदा निसटली, आणि दर चार घासण्यांना मान शेडच्या खिडकीकडे वळत होती. गोल सावकाश येत गेला. घामाने सदरा पाठीला चिकटला. किती वेळ गेला ते त्याला कळले नाही. मान वर केली तर अन्वरभाई डबा आटोपून शेजारी येऊन उभे राहिले होते.

"एक ऐक, राव," ते वाकून म्हणाले. "आकडे जरा वाकडे मार. इतके चांगले केलेस तर लोक बिल्ला सोडायला तयार होणार नाहीत, आणि माझी हत्यारं खिडकीतच राहतील."

ज्योतीराम हसला. त्याने पंच उचलला, दोनाचा आकडा प्रामाणिकपणे थोडा कलता धरला, हातोडी वर नेली, आणि थांबला. पाय मांडीखाली होते. भोंग्याला अजून सहा मिनिटे होती. त्याने पंच सरळ केला.